खांबाला घासलेला बंपर: रंगवायला टाकण्याआधी चरा किती खोल आहे ते पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रस्त्यावरील आपल्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना मागच्या बंपरचा डावा कोपरा खांबाला घासला. गाडी राखाडी मेटॅलिक रंगाची असून चार वर्षांची आहे. तळहाताएवढ्या भागावर खांबाचा पिवळा रंग उमटला आहे, त्यात तीन-चार चरे दिसतात आणि खालच्या कडेपाशी एका ठिकाणी काळा ठिपका उघडा पडला आहे. जवळच्या गॅरेजवाल्याने पूर्ण बंपर रंगवावा लागेल असे सांगितले, सर्व्हिस सेंटरने विम्याचा क्लेम टाकण्याचा सल्ला दिला आणि हे काम घरी, तेही ऐन पावसाळ्यात, करता येईल का असे आपण विचारता आहात.

नवी मुंबईत गाड्यांच्या रंगकामात बरीच वर्षे काढल्यानंतर मी अशा बंपरबाबत पहिली शिफारस नेहमी एकच करतो, ती म्हणजे कंपनीचा मूळ रंग जितका वाचवता येईल तितका वाचवावा. कारखान्यात धूळविरहित खोलीत चढवलेल्या आणि भट्टीत भाजलेल्या रंगाची बरोबरी बाहेरच्या कामात क्वचितच साधते. शिवाय खांबाला घासलेल्या बंपरवर जे दिसते त्यातला मोठा भाग नुकसानीचा नसून वर चिकटलेल्या परक्या रंगाचा असतो. तो निघाल्यावर खाली किती दुखापत उरते हे पाहिल्याशिवाय पूर्ण बंपर रंगवण्याचा निर्णय घेणे घाईचे ठरेल.

आधी बंपरची रचना समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात आणि त्यात लवचिकपणासाठी रबराचा अंश मिसळलेला असतो. बंपरच्या आतल्या बाजूला ‘पीपी’ किंवा ‘पीपी-ईपीडीएम’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे उठावात कोरलेली आढळतात. या प्लास्टिकला रंग सहजासहजी धरत नाही, म्हणून त्यावर प्रथम रंग धरून ठेवणारा प्लास्टिक प्राइमर, त्यावर मूळ रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, ज्याला आपल्याकडचे पेंटर सरसकट ‘लॅकर’ म्हणतात. चमक आणि संरक्षण या दोन्ही गोष्टी या क्लिअरमुळेच मिळतात, आणि त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीच्या जवळपास निम्मी असते. घरी कंपाउंडने (रंग घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टने) किंवा पॉलिश पेपरने जे काही घासायचे ते या एवढ्याशा थरातूनच घासायचे असते, हे काम करताना सतत ध्यानात ठेवावे.

प्लास्टिक असण्याचे दोन परिणाम आपल्या उपयोगाचे आहेत. पहिला असा की ते गंजत नाही. दरवाजाच्या किंवा फेंडरच्या पत्र्यावर लोखंड उघडे पडले असते, तर कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत काही दिवसांतच गंज धरला असता आणि थांबण्याची सोय उरली नसती. बंपरचा काळा ठिपका मात्र दोन महिने तसाच राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही. फक्त त्या ठिपक्याभोवतीची रंगाची कड उचलली गेलेली असेल, तर वॉशिंग सेंटरमधल्या जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने ती पापुद्र्यासारखी सुटू शकते, म्हणून तेवढे दिवस प्रेशर वॉशर त्या कोपऱ्यापासून दूर ठेवायला सांगावे. दुसरा परिणाम असा की प्लास्टिक उष्णता फारशी वाहून नेत नाही. पत्र्यावर मशीनने बफिंग करताना निर्माण होणारी उष्णता आजूबाजूला पसरते, बंपरवर ती एकाच जागी साठते, आणि फिरत्या मशीनने रंग जळण्याचे प्रकार बंपरच्या कोपऱ्यांवर सर्वांत जास्त होतात. आपली जागा नेमकी कोपऱ्याचीच आहे, त्यामुळे तिथे पहिल्यांदाच मशीन हाताळणाऱ्याने ते मुळीच लावू नये.

आता तपासणी. बंपर कार शाम्पूने आणि भरपूर पाण्याने धुवावा. खांबाच्या गिलाव्याचे वाळूचे कण रंगात रुतलेले असतात, शिवाय घोडबंदर रस्त्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या मेट्रोच्या बांधकामाची बारीक सिमेंटची धूळ तुमच्याकडच्या प्रत्येक गाडीवर असतेच. ती न धुता नुसते फडके फिरवले तर खांबाने केले नाही तेवढे नुकसान फडके करते. टँकरचे किंवा बोअरवेलचे जड पाणी असेल तर ते बंपरवर सुकू देऊ नये, लगेच टिपून घ्यावे, अन्यथा त्याचे पांढरे डाग ओरखड्यांत मिसळून तपासणी फसवी होते.

बंपर कोरडा झाल्यावर चऱ्यांवर बोटाने थोडे पाणी पसरावे. पाणी पसरताच जो चरा दिसेनासा होतो आणि वाळल्यावर पुन्हा दिसू लागतो, तो क्लिअरमध्येच आहे आणि पॉलिशने तो बऱ्याच अंशी जाईल. पाण्याखालीही जो दिसत राहतो तो खाली रंगापर्यंत पोहोचलेला आहे. नंतर नखाची कड चऱ्यावर आडवी, अगदी हलक्या हाताने फिरवावी. नख अडकत असेल तर तो चरा नुसत्या कंपाउंडने पूर्ण जाणार नाही. आपल्या राखाडी रंगात एक फसगत होऊ शकते: प्राइमरही बहुधा राखाडीच असतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहावे. ज्या राखाडीत बारीक चमचमणारे कण दिसतात तो मूळ रंग, आणि जो राखाडी खडूसारखा मंद दिसतो तो प्राइमर. काळे दिसते ते उघडे प्लास्टिक.

रंग सोडून आणखी एक गोष्ट याच वेळी पाहावी. बंपर आणि फेंडर यांच्यामधली फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी आहे का, कोपऱ्यावर अंगठ्याने दाबल्यास तो आत-बाहेर हलतो का आणि पार्किंग सेन्सर पूर्वीसारखाच सपाट बसलेला आहे का, हे तपासावे. क्लिप किंवा खाच तुटलेली असेल तर वरचा रंग कितीही छान केला तरी बंपर रस्त्याच्या हादऱ्यांनी थरथरत राहतो. कोपरा किंचित आत दबला असेल आणि प्लास्टिक फाटलेले नसेल, तर कडकडीत गरम पाणी ओतून आतल्या बाजूने हाताने ढकलल्यास तो बऱ्याचदा जागेवर येतो. हात भाजू नये म्हणून जाड हातमोजे घालावेत. हीट गनचा उपयोग गॅरेजमध्ये करतात, पण सवय नसलेल्या हातात ती रंगाला फुगे आणते.

पिवळा रंग काढताना सौम्य उपायापासून सुरुवात करून गरज पडली तरच तीव्र उपायाकडे जावे. पार्किंगच्या खांबांवर बहुतेक ठिकाणी ऑइल पेंट मारलेला असतो, काही जुन्या इमारतींत साधा पाण्याचा रंग असतो. पाण्याचा रंग शाम्पूच्या पाण्यात भिजवलेला कपडा पाच-दहा मिनिटे ठेवल्यास मऊ पडतो. तो निघाला नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्यानेही भागले नाही तर डांबराचे डाग काढणारा टार रिमूव्हर किंवा रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन मायक्रोफायबरच्या कोपऱ्याला लावून हळूहळू फिरवावे. बोटावर गुंडाळलेल्या कापडाचा जो भाग पिवळा होईल तो प्रत्येक वेळी बदलावा, नाहीतर काढलेला रंग आपण पुन्हा शेजारच्या जागेवर पसरवत राहतो. बहुतेक वेळा या टप्प्यावरच गाडीचा मालक चकित होतो, कारण ‘चरा’ म्हणून दिसणाऱ्या पट्ट्यांपैकी निम्मे कापडावर आलेले असतात.

थिनर वापरू का, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच आहे. कंपनीचा भाजलेला क्लिअर काही सेकंद थिनर सहन करतो. पण हाच बंपर आधी कुणी स्वस्तात रंगवलेला असेल तर तोच थिनर रंगाचा चिखल करतो. गाडी आपण जुनी घेतली असेल तर हे आपल्याला ठाऊकही नसेल. म्हणून कोणतेही द्रावण प्रथम बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर लावून पाहावे, आणि पांढऱ्या कापडावर गाडीचा राखाडी रंग उतरला तर तिथेच थांबावे. काळ्या ठिपक्यावर पेट्रोल, टर्पेंटाइन किंवा थिनर मुरू देऊ नये, कारण ही द्रावणे उघड्या प्लास्टिकमध्ये शिरून ते फुगवतात आणि शेजारच्या रंगाची पकड सैल करतात. पेट्रोल तर बंदिस्त पार्किंगमध्ये मुळीच नको. चार पावलांवर कुणाची सीएनजी गाडी, वर मीटरची खोली आणि हातात पेट्रोलचे फडके, हा प्रकार कोणत्याही ओरखड्याच्या लायकीचा नाही. काम झाल्यावर तो भाग पुन्हा शाम्पूने धुऊन तेलकटपणा काढून टाकावा.

यानंतर कंपाउंड. शेजारची खडबडीत काळी पट्टी, नंबरप्लेटची कड आणि सेन्सर यांच्यावर मास्किंग टेप लावावी, कारण न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या दाण्यांत कंपाउंड शिरले की त्याचे पांढरे डाग महिनोन्‌महिने निघत नाहीत. बंपर सावलीत आणि हाताला गार लागणारा असावा. फोमच्या अप्लिकेटरवर मटाराच्या दाण्याएवढे बारीक कटिंग कंपाउंड घेऊन एका वेळी वीतभर जागाच करावी, मध्यम दाबाने, आधी आडवे आणि मग उभे हात फिरवावेत, आणि कंपाउंड सुकून पावडर होण्याआधी स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्यावे. जिथे बंपरला ठसठशीत घडी किंवा धार आहे तिथे क्लिअर मुळातच पातळ असतो, तिथे दाब अर्ध्यावर आणावा. दोन-तीन फेऱ्यांनंतर फरक दिसायचा थांबला की पुढे घासत राहण्यात अर्थ नसतो; उरलेला चरा खोल आहे असे समजून पुढच्या टप्प्याकडे जावे.

निकाल मात्र लगेच खरा मानू नये. पुष्कळशा कंपाउंडांत आणि पॉलिशांत तेल असते, ते चऱ्यात भरून बसते, काम फत्ते झाल्यासारखे वाटते आणि दोन धुण्यांनंतर चरा परत हजर होतो. अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात मिसळून त्या जागेवरून फडके फिरवले की तेल निघून जाते आणि जे दिसते ते खरे. हाच नियम लावला तर घरगुती तोडग्यांचेही मूल्य कळते. डब्ल्यूडी-40 मारल्यावर चरा नाहीसा होतो तो केवळ ओला झाल्यामुळे. टूथपेस्टमध्ये सौम्य घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी वरची धुरकट छटा तिने कमी होऊ शकते, पण ती दातांसाठी बनवलेली आहे आणि ज्या किमतीत चांगल्या पेस्टची ट्यूब येते त्यात थोडी भर घातली की कंपाउंडची छोटी बाटली मिळते. सिग्नलवर विकले जाणारे ‘जादूचे’ स्क्रॅच पेन म्हणजे बहुतेक वेळा पातळ पारदर्शक द्रव असतो. पांढऱ्या रंगावर तो काही दिवस फसवतो, मेटॅलिकवर तेवढेही नाही. गाडीवर सिरॅमिक कोटिंग केलेले असेल तर कंपाउंडने त्या जागेचे कोटिंग निघून जाईल हे गृहीत धरावे, आणि मॅट फिनिशच्या गाडीला वरचे काहीच लागू नाही. मॅटवर पॉलिश केले की तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो.

नख किंचित अडकते पण रंग फुटलेला नाही, असा एखादा चरा कंपाउंडनंतरही राहिला तर पेंटर 2000 आणि मग 3000 नंबरच्या पाणीपेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या बारीक पॉलिश पेपरने) तो खाली आणतो. हे मी घरी करण्याची शिफारस सहसा करत नाही, तरी कुणी करणारच असेल तर त्याने पाण्याकडे लक्ष ठेवावे. पेपर दहा मिनिटे पाण्यात भिजवून, पाण्यात शाम्पूचा एक थेंब टाकून, रबरी तुकड्यावर गुंडाळून हलके घासले असता जे पाणी ओघळते ते दुधाळ पांढरे असेल तोवर आपण क्लिअरमध्ये आहोत. त्या पाण्यात राखाडी झाक आली त्या क्षणी क्लिअर संपलेला असतो, आणि तिथून परतीची वाट नसते, मग पेंटरच. जागा कोपऱ्याच्या वळणावर असल्यामुळे आपल्या बाबतीत हा धोका सपाट भागापेक्षा कितीतरी जास्त आहे. चरा पूर्ण नाहीसा करण्याचा हट्टही धरू नये. त्याच्या कडा बोथट झाल्या तरी प्रकाश तिथे अडकत नाही आणि चार फुटांवरून तो दिसत नाही.

आता उरला काळा ठिपका आणि कदाचित एखादा खोल चरा. त्यांना टचअप, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरणे, लागेल. रंगाचे नाव सांगून भागत नाही, कोड लागतो. तो दरवाजाच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. सापडला नाही तर गाडीच्या चॅसिस क्रमांकावरून सर्व्हिस सेंटरचा पार्ट्स काउंटर तो काढून देतो. टचअपची छोटी बाटली बऱ्याच कंपन्यांच्या काउंटरवर मिळते, किंवा ठाणे-वाशीतील मिक्सिंग मशीन असलेल्या रंगाच्या दुकानात थोडासा रंग बनवून घेता येतो. तिथे शेड जुळवण्यासाठी पेट्रोल टाकीचे झाकण काढून नेण्याचा प्रघात आहे आणि तो चांगलाच आहे; तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी की ते झाकण बॉडीबरोबर रंगवलेले असते, तर बंपर बहुधा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या लाइनवर आणि प्लास्टिकला सोसेल अशा कमी तापमानावर रंगवला जातो. त्यामुळे मेटॅलिक गाड्यांत नव्या कोऱ्या शोरूममधल्या गाडीचा बंपरही फेंडरपेक्षा अर्धी छटा वेगळा दिसू शकतो. म्हणून शेड शेवटी बंपरवरच, दिवसाच्या उजेडात, समोरून आणि तिरप्या नजरेने अशी दोन्ही बाजूंनी ताडून पाहावी.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात. फवाऱ्यातून ते सपाट निजतात आणि प्रकाश एकसारखा परत फेकतात; ब्रशने लावताना ते वाकडेतिकडे उभे राहतात, म्हणून अचूक शेडचा टचअपही थोडा गडद दिसतो. ही कारागिराची चूक नसते. ठिपका जितका लहान ठेवाल तितका हा फरक कमी जाणवतो, यासाठी बाटलीच्या झाकणातला जाडा ब्रश बाजूला ठेवून टूथपिकचे टोक किंवा चित्रकलेचा सर्वांत बारीक ब्रश वापरावा, आणि तळाशी बसलेले कण वर येण्यासाठी बाटली दोन-तीन मिनिटे चांगली हलवावी.

क्रम असा ठेवावा. प्रथम ठिपक्याची सुटलेली कड कटरच्या टोकाने किंवा बारीक पेपरने काढून टाकावी, अल्कोहोलने पुसावे आणि उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्राइमरचा अगदी पातळ हात द्यावा. हा टप्पा गाळला तर रंग काही महिन्यांत पापडासारखा निघतो आणि दोष बिचाऱ्या टचअपच्या बाटलीला दिला जातो. त्यानंतर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येकामध्ये अर्धा तास थांबावे आणि रंग आजूबाजूच्या पृष्ठभागाच्या किंचित खालीच ठेवावा, कारण वर क्लिअर यायचा आहे. क्लिअरचे एक-दोन थेंब त्यावर सोडून ते थोडे उंच राहिले तरी चालेल. आठवडाभर पूर्ण वाळू दिल्यावर फक्त तो उंचवटा 3000 नंबरच्या पेपरने सपाट करून कंपाउंडने चकाकी आणता येते. खड्डा भरण्यासाठी पत्र्याच्या कामातली नेहमीची लांबी (पुट्टी) वापरू नये. ती कडक असते, बंपर वाकतो आणि पहिल्याच हलक्या धक्क्याला तडकते; प्लास्टिकसाठी लवचिक पुट्टी वेगळी मिळते.

पावसाळ्याबद्दल आपण मुद्दाम विचारले आहे. धुणे, पिवळा रंग काढणे आणि कंपाउंड करणे ही कामे छपराखाली जुलैतही खुशाल करावीत. टचअपला मात्र थांबावे, निदान दोन दिवस उघडीप मिळून दुपारची हवा कोरडी होईपर्यंत. रंगातले थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेत बाष्प जास्त असले की त्याचे सूक्ष्म दव ओल्या थरावर बसते. क्लिअर वाळल्यावर दुधाळ दिसतो, ज्याला पेंटर ‘लॅकर पांढरा पडला’ असे म्हणतात. रंग लावण्यापूर्वी हेअर ड्रायरने जागा कोमट आणि कोरडी करून घेतल्यास धोका घटतो, संपत नाही. सप्टेंबरनंतर केले तरी ठिपक्याचे काही नुकसान होणार नाही हे वर आलेच आहे.

स्प्रे कॅनचा मोह मात्र टाळावा. तळहाताएवढ्या जागेसाठी कॅन फवारला तर त्याची धूसर कड दोन फुटांवर पसरते, शेजाऱ्याच्या गाडीवर खरखरीत कण बसतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुढचे काही दिवस आपलाच विषय चालतो. साध्या कॅनमधला, हार्डनर (थर कडक करणारे रसायन) नसलेला क्लिअर पेट्रोलच्या शिंतोड्याने मऊ पडतो. हार्डनरवाला क्लिअर टिकाऊ असतो, पण त्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क त्यापुढे निरुपयोगी ठरतो. बंद पार्किंगमध्ये तो कधीही फवारू नये.

विम्याचा हिशेब करूनच क्लेमचा विचार करावा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, पहिल्या निर्धोक वर्षानंतर 20 टक्के, मग क्रमाने 25, 35, 45 आणि 50 टक्के असा वाढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. समजा, आपल्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम सवलतीपूर्वी 10,000 रुपये आहे आणि चालू वर्षी आपल्याला 35 टक्के सवलत मिळते आहे. क्लेम न केल्यास पुढच्या तीन वर्षांत आपण 5,500, 5,000 आणि 5,000 रुपये भराल. केल्यास 10,000, 8,000 आणि 7,500. फरक 10,000 रुपयांचा होतो. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरत असल्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे खाली येतील, पण कल तोच राहील. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला क्लेममागे 1,000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये स्वतः सोसावे लागतात, आणि झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) नसेल तर रंगाच्या साहित्यावर आणि बंपर बदलल्यास प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापला जातो. एका बंपरच्या रंगकामासाठी हा सौदा बहुधा परवडत नाही. नो क्लेम बोनस सुरक्षित ठेवणारी जोड पॉलिसीत असेल किंवा याच धक्क्यात झालेले दुसरेही मोठे नुकसान निघाले असेल, तर गणित बदलते. मात्र वेगवेगळ्या वेळी झालेले धक्के एकाच घटनेत दाखवू नयेत, विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला ते कळते आणि क्लेमच अडकतो.

हे सर्व करूनही कोपरा आपल्याला खटकत राहिला, तर पेंटरकडे जरूर जावे, फक्त काम सोपवताना काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. बंपर गाडीवरून उतरवून, सेन्सर काढून रंगवणार का, हे पहिले विचारावे. सेन्सरवर रंगाचा जाड थर बसला की तो खोटे इशारे देऊ लागतो. गाडीला ब्लाइंड स्पॉट रडार (आरशात न दिसणारी गाडी ओळखणारा) असेल तर तो बंपरच्या मागच्या कोपऱ्यांतच असतो आणि त्याच्यासमोर पुट्टी किंवा मेटॅलिक रंगाचे जादा थर चालत नाहीत, त्यामुळे अशा गाडीचे काम कंपनीच्या सूचना पाहणाऱ्या ठिकाणीच द्यावे. प्लास्टिक प्राइमर आणि रंगात लवचिकपणाचे मिश्रण वापरणार का, हार्डनरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग की साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज), आणि बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, भाजून देणार की उघड्यावर, हेही स्पष्ट करून घ्यावे. दुरुस्तीचा क्लिअर सुमारे 60 अंशांवर भाजतात. उघड्यावर वाळवलेल्या कामात तुर्भे-रबाळेच्या औद्योगिक पट्ट्यातली धूळ हमखास बसते. मूळ रंग फक्त कोपऱ्यावर मारून बाकी बंपरवर हलका विरवत न्यावा, पण क्लिअर मात्र संपूर्ण बंपरवर किंवा नैसर्गिक घडीपर्यंत घ्यावा असे आग्रहाने सांगावे. क्लिअर मध्येच संपवून कड पॉलिशने मिटवली तर ताब्यात घेताना काम सुबक दिसते आणि वर्षभराने उन्हात तीच कड पिवळट रेषेसारखी उघडी पडते.

गाडी परत घेताना संध्याकाळी गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली घेऊ नये, दिवसा बाहेर काढून दोन्ही कोपरे शेजारी उभे राहून पाहावेत, फटी आणि क्लिपा पुन्हा तपासाव्यात आणि रिव्हर्स टाकून सेन्सर ऐकून पाहावा. नव्या रंगावर पहिला महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग करू नये, कारण आतले उरलेसुरले द्रावण बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्या दिवसांत पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक पडला तर वाळू न देता भरपूर पाण्याने धुऊन काढावा, आणि धुणाऱ्या मुलाला त्या कोपऱ्यापुरते वेगळे, स्वच्छ फडके द्यावे.